डोळे शेवटी काढायचे

आमच्या धंद्यात मेलेल्या माणसाचे डोळे जिवंत माणसाकडून घ्यायचे असतात. हे वाचून कुणी अंक मिटायच्या आत सांगून टाकते, मी डॉक्टरीण नाही. मी आर्णीची शमीम पेंटर. गेलेल्या माणसांची चित्रं काढते. अ‍ॅक्रिलिकमध्ये, छातीपर्यंत, आणि वर हाराला जागा सोडून.

लोक फोटो आणतात तो मतदार कार्डावरचा, नाहीतर कुणाच्या लग्नातला, शेजारच्याचा खांदा मध्ये घुसलेला. आता मोबाईलवर येतो. तो बोटांनी मोठा करत गेलं की माणूस निघून जातो आणि नुसते चौकोन उरतात. त्या चौकोनांतून नाक सापडतं, मिशी सापडते. डोळे सापडत नाहीत. तिथे दोन काळे ठिपके असतात. मग मुलगी, भाऊ, जो कोणी रक्ताचा असेल त्याला समोर बसवायचं आणि त्याचे डोळे त्या चेहऱ्यात बसवायचे. पापणीची घडी आणि बुबुळाचा रंग घरातून घरात वाहत आलेला असतो. काम झालं की तीच मुलगी तोंडाला पदर लावून म्हणते, अगदी बाबांचेच डोळे. मी मान हलवते. रोज वेणी घालताना आरशात ती हेच डोळे बघते, हे तिला सांगून मला काय मिळणार?

मला हे शिकवलं कुणीच नाही. माझे मिस्त्री, म्हणजे मालक, दुचाकीचं गॅरेज चालवायचे. नंबर प्लेटही रंगवून द्यायचे, पण त्यांचा आठ नेहमी पोट सुटल्यासारखा दिसायचा. मी नवी नवरी, चहा घेऊन गेले आणि ब्रश हातातून काढून घेतला. आठ सरळ केला. त्या एका आठवर मला वाटलं की आपण कलावंत आहोत. पुढे कुणाच्या तरी ट्रॉलीवर बैल काढला, तो बैल लोकांनी ओळखला, आणि मग माझं डोकं फिरलं. गॅरेजच्या शटरवर मी लिहून टाकलं, "शमीम आर्टिस्ट. हुबेहूब." त्या वयात मला हुबेहूब या शब्दाचा फार माज होता. डोक्यावर ओढणी, कानामागे ब्रश, आणि गिऱ्हाईक आलं की एक डोळा मिटून त्याच्याकडे बघायचं. कुठल्या तरी मासिकातल्या फोटोत चित्रकार तसा बघत होता. लोकांना वाटायचं, मिस्त्रीच्या बायकोच्या डोळ्यात काहीतरी गेलं.

पहिलं मोठं काम बाभुळगावकडच्या एका पाटलाचं. फोटो कुठल्या तरी सरकारी कागदावरून काढलेला, गालावरून ऑफिसच्या शिक्क्याची जांभळी कड गेलेली. मी हुबेहूब. ती कड मी गालावर उतरवली, अशी छान, फिकट जांभळी, कानापासून ओठापर्यंत. मला वाटलं जन्मखूण आहे. घरचे न्यायला आले. मग म्हातारी आत्या म्हणाली की आमच्या भावाला असली खूण नव्हती. मी फोटो पुढे केला. तो बराच वेळ या हातातून त्या हातात फिरला, आणि शेवटी धाकटा मुलगा म्हणाला, होती, थंडीत दिसायची. मग मोठ्यालाही आठवलं. सुनेला आठवलं. आत्या एकटी पडली. ते चित्र अजून त्यांच्या बैठकीत आहे आणि आता नातवाच्या गालावरही तशी खूण आहे, असं घरातले सांगतात.

रंगाचं थोडं सांगते. आधी मी नंबर प्लेटच्याच रंगात चेहरे काढायची. ते असे चमकायचे की गेलेला माणूस नुकता धुऊन पुसून आणल्यासारखा वाटे. मग नागपूरहून कुणीतरी अ‍ॅक्रिलिकच्या ट्यूबा आणून दिल्या. पाण्यात कालवायचा रंग, पण वाळला की प्लास्टिक. आमच्या उन्हाळ्यात तो कॅनव्हासवर पोचायच्या आत ब्रशवरच वाळतो, म्हणून ताटलीखाली ओलं फडकं ठेवायचं आणि मधून मधून पाण्याचा फवारा मारायचा, पानवाला पानांवर मारतो तसा. दुसरी खोड अशी की ओला असताना उजळ दिसतो आणि वाळला की काळवंडतो. सुरुवातीला माझी सगळी माणसं घरी पोचेपर्यंत सावळी व्हायची. गोऱ्या वाण्याच्या घरून तक्रार आली, तेव्हा मी त्यांना म्हणाले की उन्हातून नेलं असेल. पण या रंगात एक मोठी सोय आहे. वाळल्यावर त्यावर पुन्हा कितीही वेळा काढता येतं. खालचं काही वर येत नाही.

एक हॉटेलवाले जिवंतपणीच आले. म्हणाले, माझं आत्ताच काढून ठेव, पोरं मोबाईलमधला कोणताही लावतील. त्यांना समोर बसवलं आणि माझा ब्रशच चालेना. ते हलत होते, जांभई देत होते, ऊन सरकलं तसं नाकही सरकत होतं. तोवर मी फक्त न हलणारी माणसं काढली होती. शेवटी मी त्यांनाच म्हणाले, काका, तुमचा एखादा फोटो आहे का? दुसऱ्या एका बाईनं नवऱ्याची मिशी काढून टाकायला सांगितली. तो हयात असताना त्यांचं त्यावरून रोज वाजायचं. मी काढून टाकली. बाईनं हार घातला आणि चित्राकडे बघून म्हणाली, "आता बोल."

ही सगळी माणसं गॅरेजातच तयार व्हायची. आमच्या घरात भिंतीवर चेहरा लावत नाहीत. सासूबाईंचं म्हणणं साधं होतं, जिथं नमाज होते तिथं कुणी बघत बसलेलं नको. रंग गॅरेजात काय लावायचे ते लाव, पण हे पाहुणे अंगणाच्या अलीकडे आणू नको. मिस्त्रींनी टायरांची रॅक सरकवून मला कोपरा करून दिला. आता सासूबाई नाहीत, मिस्त्रीही गेले. मुलगा आखातात, मुली सासरी. घरात मी एकटी, भिंती कोऱ्या. कुणी अडवणारं नाही, तरी एकही चेहरा अंगणाच्या अलीकडे आणला नाही. सकाळी शटर वर करते. अजूनही कुणी पंक्चरचं विचारतं. मी सांगते, बाबा, इथं आता फक्त माणसं दुरुस्त होतात.

या कोपऱ्यात एक बाई बरीच वर्षं राहिली. तिला डोळे नव्हते.

तिचा मुलगा तांड्यावरून तिचा मतदार कार्डावरचा फोटो घेऊन आला होता. बंजारा म्हातारी, डोक्यावरून ओढणी, कानशिलावर चांदीची घुगरी लोंबणारी, त्यातली एक वाकडी. मी चेहरा केला, ओढणी केली, वाकडी घुगरी वाकडीच ठेवली, आणि त्याला म्हणाले की आता डोळ्यांसाठी येऊन बस. तो हो म्हणाला आणि आला नाही. बाहेरगावी कामाला गेला, तिकडेच राहिला, असं नंतर कानावर आलं. चित्र टाकून कसं द्यायचं? मी ते माझ्या स्टुलासमोर टेकवून ठेवलं.

मिस्त्री होते तोवर ती नुसतं एक अर्धं काम होती. ते गेल्यावर मी तिच्याशी बोलायला लागले. आधी रंगाबद्दल, मग सगळंच. मुलाचा फोन आला, आला नाही, दूधवाल्यानं पाणी घातलं, गुडघा दुखतो. डोळे नसलेल्या माणसाशी बोलणं सोपं असतं. पण हळूहळू मनात तिचे डोळे मी ठरवून टाकले होते. सरळ समोर बघणारे, थोडे हसरे, माझ्याकडे बघणारे. कधीतरी तिचं कुणी येईल, मी ते डोळे घालीन आणि ती निदान एकदा मला बघेल. संध्याकाळी शटर ओढताना तिला एकटं कोंडून मी आत एकटी जायची. दोघींची सोय एकच होती म्हणा.

यंदा पोळा झाल्यावर एका बाजाराच्या दिवशी माझ्याच वयाची एक बाई शटरसमोर उभी राहिली. हातात पिशवी, पिशवीत वांगी. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या मागे बघत होती.

"ते कोन हाय?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, माहीत नाही, नाव कुणी सांगितलंच नाही.

"मले माहीत हाय. माही याडी हाय ते."

याडी म्हणजे आई. मी विचारलं, डोळ्यांशिवाय कसं ओळखलं? ती म्हणाली की वाकडी घुगरी म्हशीनं तुडवलेली आहे, आणि ती म्हैस सोडली होती तिनंच, लहान असताना. मग ती पिशवी बाजूला ठेवून खाली बसली. शेवंता तिचं नाव. चित्राचं तिला कधी कळलंच नव्हतं. भाऊ फोटो घेऊन गेला तो गेला, घरात दुसरा फोटो नाही.

तिला चित्र हवं होतं आणि लवकर हवं होतं. तिचा मुलगा तिला कायमची नाशकाला न्यायला येणार होता. तांड्यावर आता तिचं कुणी उरलं नव्हतं. "तिथं सून मराठीत बोलते, नातू इंग्लिशात," ती म्हणाली. "आपल्या बोलीत बोलाले कोनी नाई. याडी भिंतीवर असली का तिच्याशी तं बोलता येईन."

मी त्या बाईकडे बघितलं आणि मग चित्राकडे. तिला जे करायचं होतं ते मी इतकी वर्षं करत आले होते, त्याच चेहऱ्याशी. फरक एवढाच की ती आई तिची होती.

डोळे काढायला एक दुपार पुरते. मी शेवंताला सांगितलं की वेळ लागेल, रोज यावं लागेल. पहिल्या दिवशी म्हणाले उजेड बरोबर नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले खालचा थर अजून ओला आहे. त्यानंतर काय काय म्हणाले ते आठवत नाही, पण खूप सुचत गेलं. ती रोज दुपारी यायची, फडक्यात भाकर आणि ठेचा घेऊन. मी चहा करायची. ती समोर बसायची आणि मी ब्रश हातात धरून तिला बोलतं करायची. ओढणीचा काठ उगाच गडद करायचा, उगाच फिका करायचा. हसण्यासारखं आहे, पण मिस्त्री गेल्यापासून गॅरेजात दुपारी दोन कप लागले नव्हते. म्हातारपणी माझ्यात पुन्हा ती शटरवरची आर्टिस्ट शिरली होती, एक डोळा मिटून वेळ काढणारी.

एका दुपारी शेवंतानं माझ्या ताटलीत बोट घातलं. रंगाची पापुद्र्यासारखी साल निघाली. ती तिनं उन्हात धरली.

"आपा," ती म्हणाली, "तुमचा रंग ताटलीत तं घडीभरात वाळला. अन् याडीच्या अंगावर चार चार दिवस वाळत नाई, ते काहून?"

मी फवारा उचलला आणि ताटलीवर पाणी मारलं. 

"मलेबी कोठं घाई होती," ती म्हणाली. "घरी जाऊन भिंतीच पाहाच्या. पन पोरगा सोमवारी येऊन राह्यला."

मग मी तिला उजेडात नीट बसवलं आणि कामाला लागले. सरळ माझ्याकडे बघ, असं तिला सांगितलं. ती बघेना. तिची नजर चित्रावर. तिनं विचारलं की याडीला तुम्ही कुठं बघायला लावणार? मी म्हणाले, समोर. सगळेच समोर बघतात. फोटोतसुद्धा समोरच बघत होती.

"त्या फोटोत सायबानं वर पाहाले लावलं म्हनून पाह्यलं तिनं. भेली होती ते. याडी कोनाकडं पाहेच नाई. मले रागावे तरी नजर सुईवर. कशिदा काढे ते. आमी मोठे झालो ते तिच्या पापन्या पाहून."

तिला आई तशीच हवी होती. खाली बघणारी.

मी ब्रश खाली ठेवला. लोकांना वाटेल किती साधी गोष्ट. खाली बघणारे डोळे काढणं तर सोपं, पापणीचा एक वळसा, खाली बारीक सावली, बुबुळाची कटकटच नाही. पण जे डोळे माझ्या मनात इतकी वर्षं तयार होते ते आता ठेवायला जागा नव्हती. ती बाई मला कधीच बघणार नव्हती. म्हणाले असते, शेवंताबाई, मी आर्टिस्ट आहे, चित्रात नजर समोरच पाहिजे, तर तिनं ऐकलंही असतं. तरुणपणी मी तेच म्हणाले असते, वर हुबेहूबची पाटी दाखवली असती.

मी म्हणाले, खाली बघ. शेवंतानं नजर खाली केली. थोड्या वेळात तिला डुलकी लागली, आणि मी तिच्या झोपेतल्या पापण्या तिच्या आईला लावल्या. जाग आली तेव्हा तिनं बघितलं आणि पदराचं टोक दातात धरलं. बराच वेळ ते सोडलं नाही.

मग म्हणाली, "पन पाहून कायकडं राह्यली?"

खरंच होतं. चित्र छातीपर्यंत, खाली नुसती ओढणी. नजर ओढणीत बुडून जात होती. सुई पाहिजे, कापड पाहिजे, म्हणजे हात पाहिजेत. अ‍ॅक्रिलिक असल्यामुळे ओढणीवर काहीही बसवता येतं. मी शेवंताला म्हणाले, हात पुढे कर. तिनं दोन्ही हात मागे घेतले.

"माहे नका घेऊ. माह्या हाताले सुई येत नाई. याडी सारी जिंदगी त्याच्यावरूनच बोलली. आता भिंतीवरून बोलन."

म्हणून ती गेल्यावर मी मिस्त्रींच्या खोक्यातून एका जुन्या मोटारसायकलचा आरसा काढला, तो खिळ्याला अडकवला, आणि त्याच्यासमोर हातात सुई धरून बसले. आरशात बघायचं, सुई ठेवायची, ब्रश उचलायचा, थोडं काढायचं, पुन्हा सुई. माझे हात मी कधी नीट बघितले नव्हते. नखांत रंग, अंगठ्याला ब्रशचा घट्टा, करंगळी वाकडी. सगळं काढलं. लाल कापडाचा तुकडा काढला, त्यावर टाक्यांच्या ठिपक्यांची ओळ, आणि त्या पापण्या आपोआप टाक्यावर येऊन थांबल्या. बाई कामाला लागली.

सोमवारी शेवंता मुलाला घेऊन आली. मुलगा मोटारसायकल बंद न करताच उभा. गावाकडच्या कुणाची तरी मागून आणली होती, आईला बसस्टँडवर सोडायला. शेवंता चित्रासमोर वाकली, आणि मग तिनं स्वतःचा एक हात वर केला, मग दुसरा, काहीतरी पडताळल्यासारखा.

"याडी डावरी नोयती, आपा."

मी बघितलं. सुई डाव्या हातात. मी सुई धरली होती उजव्यात, पण आरशातली बाई डावरी असते हे इतकी वर्षं चेहरे काढणारीला सुचायला नको? मला हसू आलं आणि लगेच एक चोरटा आनंदही झाला. मी म्हणाले, काही बिघडलं नाही, त्यावरच दुसरे हात काढते, उद्या ये.

"उद्या मी नाई," शेवंता म्हणाली.

मुलगा म्हणाला, आई, कोण एवढं बघतं, बस निघून जाईल. शेवंतानं त्याला हातानंच गप्प केलं. मग मला विचारलं, "कोनाचे हायेत हे हात?"

"माझे."

तिनं पुन्हा बघितलं, घट्ट्याकडे, वाकड्या करंगळीकडे.

"मंग राहू द्या," ती म्हणाली. "चांगले हायेत."

चित्र कसं न्यायचं हा प्रश्न होता. मोटारसायकलवर धरायला जागा नाही. मुलगा दोरी शोधायला लागला. शेवंतानं पिशवीतून एक जुनी ओढणी काढली, चित्राला वरून खालून गुंडाळा दिला आणि ते पाठीवर बांधलं, पोर पाठीशी बांधतात तसं, चेहरा आणि हात बाहेर. मला म्हणाली, येते आपा. मी म्हणाले, नीट जा. एवढंच. दोघी म्हाताऱ्या, आणखी काय बोलणार होतो?

गाडी निघाली. शेवंताचं तोंड पुढे, आईचं माझ्याकडे. मी शटरखाली उभी राहिले. बाजाराचा दिवस नव्हता, रस्ता मोकळा होता, वळणापर्यंत सगळं दिसत होतं. चेहरा लहान होत गेला, घुगरी दिसेनाशी झाली, लाल कापडाचा ठिपका तेवढा उरला.

वळण येईपर्यंत मी बघत होते. तिनं मान वर केली नाही. कामात होती.